चार बोटं सैल

रोड कॅम्प, कुल्लूच्या वर
२० नोव्हेंबर २०२३

चि. रविनास,
दादाचे अनेक आशीर्वाद. ती. आई-बाबांना शि. सा. न.

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. इथं बर्फ पडला की मोबाइलचा टॉवर झोपतो, आणि एकदा झोपला की कोणाच्या बापाला उठत नाही. म्हणून कागद घेतला. आठवीत आश्रमशाळा सोडली त्यानंतर एवढं लांब मी काही लिहिलेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नको, मतलब बघ.

आता मी रस्त्यावर नाही, कॅम्पच्या किचनमध्ये आहे. रोट्या लाटतो. उधव्याचा झिपरू पण इथंच आहे, तो कांदे कापतो आणि रडतो. लोकांना वाटतं घरची आठवण येते. तुला वाटलं असेल की चिखल्याची चिकूवाडी सोडली, उंबरगावची कंपनी सोडली, बोट सोडली, तसा दादा हेही सोडून कुठं तरी पळाला असेल. अजून तरी नाही. रस्ता बंद आहे, पळणार कुठं.

आता कामाचं. मागच्या आठवड्यात टॉवर जरा जागा होता तेव्हा कैनाडच्या संदीपचा फोन लागला. तू मला सांगतेस सगळं ठीक, आणि तो सांगतो की सिल्वासाहून ऑपरेशन होऊन आल्यापासून तू ओटा सोडलेला नाहीस. जुलैपासून त्याच एका मॅक्सीत. वण पोटावर उभा आहे, फुगलाय, सलवारीचा नाडा बरोब्बर त्याच्यावर बसतो आणि तू कळवळतेस. इलॅस्टिक लावलं तर आणखी वाईट. डॉक्टर म्हणतात जखम भरली, खुशाल फिरा, पण कमरेला काही बांधताच येत नाही तर पोरगी कॉलेजला काय मॅक्सी घालून जाणार? हे सगळं त्यानं सांगितलं, तू नाही.

तुमच्या सुधा मॅडमचा निरोप पण सांगितला त्यानं. जानेवारीच्या शेवटी प्रिलिम. तिला बसली नाहीस तर बारावीच्या परीक्षेला बसता येणार नाही. तू म्हणालीस म्हणे, एक वर्ष थांबते, त्यात काय. रविना, आपल्या पाड्यातली रखमी पण एकच वर्ष थांबणार होती. आता तिचं पोर अंगणवाडीत जातं.

तर ऐक. कॅम्पला दूध देणारी एक चाची आहे. तिचे हात कधी रिकामे नसतात, गाय चारताना विणते, चालताना विणते, नवऱ्याशी भांडताना तर जास्तच जोरात विणते. रस्ता बंद झाल्यावर मला बसवेना, म्हणून तिच्याकडून शिकलो. एक मोजा केला. दुसरा केला तो पहिल्याच्या दुप्पट झाला. झिपरू म्हणतो एक पाय हत्तीचा असेल त्याला भेट दे. पण पहिला मोजा मी दिवसभर घातला आणि एक बघितलं. वरचा भाग पायाला धरून राहतो, घसरत नाही, आणि काढल्यावर कातडीवर रेघसुद्धा नाही. बाजारच्या मोज्याचं इलॅस्टिक कसं लाल कडं पाडतं, तसं काही नाही.

तेव्हाच डोक्यात आलं. तुझ्यासाठी स्कर्ट विणतो. नाडा नाही, इलॅस्टिक नाही, हुक नाही. वर कॉलेजचा कुर्ता घाल.

एक दोरा घे. कमरेला लावून गाठ मार, सगळ्यात रुंद जागेला लावून दुसरी गाठ, आणि कमरेपासून घोट्यापर्यंत तिसरी. तो दोरा पाकिटात घालून पाठव. लोभ आहेच, पण उत्तर आलं तरच तो जागा राहील.

तुझा दादा,
सुक्या

*

रानशेत
३० नोव्हेंबर २०२३

ती. दादास,
रविनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमनकाकांनी ओट्यावर बसून बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं, मॅक्सीसकट. आता पाड्याला कळलंय की सुक्या बायकांचे स्कर्ट विणतो. पुढच्या वेळी पाकीट नीट चिकटव. तुझ्या चुका मी मोजल्या नाहीत, दया केली.

दादा, लोकरीचा स्कर्ट? आम्ही अजून पंखा लावून झोपतो. तुला बर्फात राहून डहाणूची हवा विसरायला झाली की काय. सुती दोरा मिळाला तर बघ. रंग कॉलेजच्या सलवारीसारखा गडद निळा, म्हणजे मॅडम काही म्हणणार नाहीत.

संदीपदादानं सांगितलं ते खोटं नाही. दिवाळीआधी तलासरीच्या मामीकडे गेले होते. तिनं मशीनवर एकदम ढगळ सलवार शिवून दिली, नाडा सैल बांध म्हणाली. सैल बांधला तर येताना शेअरच्या इको गाडीतून उतरताना सलवार हातात धरून उतरावं लागलं. गाडीत आपल्याच गावची माणसं. कोणी हसलं नाही, सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं, त्याचंच जास्त वाटलं. तेव्हापासून गेले नाही कुठं. डहाणूहून सोनल दोनदा नोट्स घेऊन आली. तिचे पप्पा रेल्वेत आहेत, त्यांच्याकडे वेळेचं फार, ती येते आणि सारखी घड्याळ बघते, तरी येते.

दोरा पाठवते आहे. आई जवळ उभी होती, ती म्हणाली की पोरगी आजारानं वाळलीय, परत भरेल, जरा वाढतं माप दे. म्हणून गाठी जरा पुढं मारल्यात.

आणि एक सांगते, राग धरू नकोस. कोंबड्यांचा खुराडा तू अर्धा बांधलास, तो अजून अर्धाच आहे, कोंबड्या झाडावर झोपतात. स्कर्ट अर्धा पाठवू नकोस.

सगळे खुशाल. भाताची झोडणी उरकली, नागली बरी आली. माया पातळ करू नये, तब्येतीला जप.

तुझी
रविना

*

रोड कॅम्प
१५ डिसेंबर २०२३

चि. रविनास,
अनेक आशीर्वाद. ती. आई-बाबांना शि. सा. न. कोंबड्यांना पण सांग, येतो.

सुती दोरा इथं कोणी ठेवत नाही. मधे रस्ता उघडला तेव्हा खाली कुल्लूला डिझेल आणायला गाडी गेली, तिच्यात बसून गेलो आणि चार दुकानं फिरून आणला. दुकानदाराला वाटलं बायकोसाठी. मी म्हटलं बहिणीसाठी, तर त्यानं दोऱ्याची एक गुंडी जास्त दिली.

चाचीनं सांगितलं की आधी हाताएवढा तुकडा विण, धू, वाळव, मग बघ किती टाक्यांत किती रुंदी येते. मला कुठला धीर. म्हटलं तुकडा कशाला, थेट स्कर्टच घेऊ. हा गोल विणतात, शिवण येत नाही कुठं. दोन सुया मधे तारेनं जोडलेल्या असतात, कमरेचे सगळे टाके तिच्यावर घ्यायचे, दोन टोकं जोडायची आणि फिरत राहायचं, बैल घाण्याला फिरतो तसं. मी जोडताना टाक्यांना एक पीळ पडला. वीतभर विणून झाल्यावर चाचीनं उचलून बघितलं आणि एवढी हसली की तिला बसावं लागलं. तो स्कर्ट नव्हता, जिलेबी होती. सगळा उसवला.

मग गुपचूप तुकडा विणला. धुतला. तो पण पाठवतोय, आधी वणावर ठेवून बघ, खाजतो का टोचतो का.

वरचा पट्टा एक टाका सुलट, एक उलट असा आहे, तोच ताणतो आणि तोच परत येतो. त्याच्या खाली काही फेरे झाले की जागोजाग एकेक टाका वाढवत गेलो, म्हणजे घेर अंगाबरोबर पसरतो. मग खाली सरळ. एवढंच आहे, यात काही जादू नाही, फक्त बसून राहावं लागतं. तेच मला जमत नाही, तुला माहीत आहे. दोन फेरे झाले की पाय दार शोधतात. झिपरूनं यावर उपाय काढला. तो दोऱ्याची गुंडी स्वतःच्या खिशात ठेवतो. मी उठलो की त्याला पण उठावं लागतं, आणि तो शिव्या देतो.

मोठे साहेब एकदा किचनमध्ये आले. मला वाटलं आता गेली नोकरी. त्यांनी बघितलं, विचारलं काय आहे, आणि म्हणाले की त्यांची आई पण विणायची, आणि रोटी गरम द्या.

तुझ्या दोऱ्याच्या गाठीवरून टाके काढले आणि वर थोडे माझे घातले. वणाला जरा पण दाब नको. पार्सल स्पीड पोस्टनं टाकतोय. घालून बघ आणि लगेच लिही. लगेच म्हणजे लगेच, मला इथं चैन नाही.

जीव तिकडंच लागलेला आहे, ठेवून घ्यावा.

तुझा दादा,
सुक्या

*

रानशेत
२८ डिसेंबर २०२३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. स्कर्ट फार सुंदर आहे, हे आधी लिहिते. आईनं तो उलटा करून बघितला, आतून पण बाहेरसारखा स्वच्छ. पाड्यातल्या बायका हात लावून गेल्या. काकड्या आजा म्हणाला की आपल्या सुक्यानं हे केलं असेल तर तिकडचं पाणी चांगलं असलं पाहिजे.

दादा, तो मला होत नाही. मी पायातून वर घेतला आणि सोडला तर सरळ खाली. हातानं धरला तर पुढं एवढी जागा उरली की आईनं विचारलं मी पण येऊ का आत, आणि खरंच आली. आम्ही दोघी एका स्कर्टमध्ये उभ्या. बाबा हसून खोकायला लागले. मी पण हसले. मग काय झालं माहीत नाही, मी आत जाऊन खूप रडले.

तुझा दोष नाही. मी दोरा मॅक्सीवरूनच लावला होता. तो पण लांबून, अंगाला न टेकवता. दादा, मी त्या जागेला हात लावत नाही. आंघोळ करते तेव्हा पण नाही, वरून पाणी सोडते नुसतं. आणि गाठ मारताना चार बोटं सोडून मारली, दुखायला नको म्हणून. आई म्हणाली वाढतं दे, तेव्हा आणखी सोडली. तू पाठवलेला तुकडा पण तसाच घडी करून ठेवलाय, लावून बघितला नाही.

तो परत पाठवला तर तू उसवशील, विणशील, पाठवशील, तोवर प्रिलिम होऊन जाईल. तू एवढं केलंस हेच खूप आहे. मी आईला सांगितलंय की या वर्षी राहू दे. सोनलला पण सांगितलं. तिनं त्या दिवशी घड्याळ पण बघितलं नाही.

स्कर्ट मी पेटीत ठेवते. तू रागावू नकोस आणि लोभात खंड पडू देऊ नकोस.

तुझी
रविना

*

रोड कॅम्प
५ जानेवारी २०२४

चि. रविनास,
आशीर्वाद. बाकीच्यांना नमस्कार पुढच्या पत्रात, आज घाई आहे.

पत्र वाचलं आणि पिशवी भरली. म्हटलं झालं, जातो घरी, स्वतः माप घेतो. मुकादमाकडे हिशेब मागायला निघालो तर झिपरू दारात आडवा. त्यानं विचारलं की तू घरी पोचल्यावर बहिणीच्या पोटाला दोरा तू लावणार का? मी म्हटलं नाही, ती लावेल. तो म्हणाला मग तुझं तिकडं काय काम आहे, रोट्या जळतायत. मला असा राग आला त्याचा. पण बरोबर होतं.

मग चाचीकडे गेलो. तिनं तुझा दोरा बघितला, माझे टाके विचारले, आणि मला फटकावलंच. ती म्हणे शिवलेला कपडा अंगापेक्षा मोठा लागतो, विणलेला अंगापेक्षा लहान लागतो. लहान असला तरच तो ताणतो, आणि ताणतो म्हणूनच सगळीकडून सारखा धरतो, एका जागी चावत नाही. सैल केला की तो पडायला बघतो, मग त्याला नाडा लागतो, आणि नाडा आला की फिरून तेच. तू चार बोटं सोडलीस, आईनं चार सोडायला लावली, मी चार माझी घातली. तुला दुखू नये म्हणून सगळ्यांनी मिळून तुझ्यासाठी पोतं विणलं.

आता सांगतो तसं कर. स्कर्ट परत पाठवू नको. या पत्राबरोबर माझी गोल सुई पाठवतोय. तू विण.

हसू नको. आठवीत शाळा सोडलेला मी शिकलो, तर तू बारावीची आहेस. स्कर्ट खालून उसव, सगळा. ओढलं की सरसर सुटतो, वाईट वाटू देऊ नको, मी चारदा उसवलाय, मला सवय आहे. दोरा कुरळा होईल, तो ओला करून टांग, सरळ होतो. सुलट आणि उलट टाका कसा घ्यायचा त्याचं चित्र मागच्या पानावर काढलंय. चित्रातली सुई भाल्यासारखी दिसते, पण चाची म्हणाली चालेल. सोनलला विचार, तिच्याकडे कोणाला तरी विणता येत असेल, रेल्वेवाल्यांच्या बायका सगळीकडे फिरलेल्या असतात. आणि जोडताना पीळ बघ, नाही तर जिलेबी.

पण त्याच्या आधी एक. आईला बाहेर बसव, दार लाव, आणि दोरा अंगावर लाव. कातडीवर. वणाला टेकू दे. त्याहून दोन बोटं कमी धर आणि तुकड्यावर मोजून तेवढेच टाके घाल. वीतभर विणलं की टाके एका दोऱ्यावर घेऊन घालून बघ. आवळलं तर उसव, सैल वाटलं तर उसव. हे मला इथून जमणार नाही गं. अंग तिथं आहे.

वर्षाचं नाव काढू नको. पंधरा-वीस दिवस आहेत, तू माझ्यासारखी नाहीस, तू बसू शकतेस.

रागात लिहिलंय तरी मायेनं वाच.

तुझा दादा,
सुक्या

*

रानशेत
१८ जानेवारी २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भाल्याचं चित्र मिळालं. ते बघून कोणालाही विणता येणार नाही, पण सोनलच्या मम्मीला येतं. त्या मूळ बिलिमोऱ्याच्या. त्या स्वतः आल्या, इकोनं, शनिवारी. मला लेकीसारखं दीकरी म्हणतात. माझा हात धरून दोन-दोन टाके घालून घेतले आणि म्हणाल्या की तुझा भाऊ फार घट्ट विणतो, डोक्यात काही तरी चालू असतं वाटतं त्याच्या.

उसवताना वाईट वाटलं. बाबा समोर बसून दोरा गुंडाळत होते. मधेच म्हणाले की पोरानं केलं होतं चांगलं. मग परत गुंडाळायला लागले.

दोरा लावला. दोन दिवस नुसता हातात घेऊन बसत होते. तिसऱ्या दिवशी तुझा तो तुकडा आधी लावला, मॅक्सीच्या आतून, आणि तसाच ठेवून भाकऱ्या केल्या, भांडी घासली. खाजला नाही. मग दार लावलं आणि बघितलं, जुलैनंतर पहिल्यांदा. मला वाटत होतं काहीतरी भयंकर असेल. मेणबत्तीचं मेण ओघळून थिजतं तसा आहे, गुलाबी, बेंबीला वळसा घालून गेलाय. हात लावला तर गरम पण नाही. थोडा बधीर आहे. दोरा टेकवला, गाठ मारली, दोन बोटं मागं घेतली. आई बाहेरून सारखी विचारत होती झालं का, आणि वाढतं घे असं एकदा पण म्हणाली नाही.

पट्टा झालाय. घालून बघितला. दादा, तो धरतो! उडी मारून बघितली, आई ओरडली. वणावर तो आहे हे कळतं, पण हात ठेवल्यासारखं. आता खाली चाललेय, गुडघ्याच्या वर आहे अजून. एका हातात सुई आणि मांडीवर सोनलच्या नोट्स. इतिहास वाचताना टाके सैल येतात, अर्थशास्त्राला घट्ट.

प्रिलिम एकोणतीसला सुरू. पुरा होईल का माहीत नाही. मी जाईन का हे पण अजून माहीत नाही. घालून घरात फिरणं वेगळं, इकोत बसणं वेगळं.

आठवण ठेवतोसच, वाढव. उसवू नकोस.

तुझी
रविना

*

रोड कॅम्प
२३ जानेवारी २०२४

चि. रविनास,
आशीर्वाद.

तुझं पत्र किचनमध्ये मोठ्यानं वाचलं. तू उडी मारलीस तिथं झिपरूनं पातेलं वाजवलं. मी घट्ट विणतो हे चाचीला सांगितलं, ती म्हणाली ती हे कधीची सांगतेय.

हे पत्र वेळेत पोचेल की नाही देव जाणे, तरी लिहितो. घाईत खालचे टाके उघडे ठेवून कुठं जाऊ नको. एक टाका सुटला तर वरपर्यंत शिडी पडते, भर वर्गात. पुरा कर, बंद कर, धू, एक दिवस टांगून ठेव. सुती दोरा वजनानं लांब होतो, मग पायात येतो. बंद करताना सैल हातानं कर, एक टाका दुसऱ्यावरून उचलून टाकायचा, असं शेवटपर्यंत. पुरा नाहीच झाला तर मामीकडून काही तरी सोय बघ, पण जा. नाहीच जमलं जायला तर… नाही, ते लिहीत नाही.

मला इथं काही सुचत नाही. सुई पण तुझ्याकडे, हातात काही नाही. साहेबांची टोपी विणायला घेतली ती दोन साध्या काड्या तासून.

माया तिकडे धाडली आहे, पोचती करून घे.

तुझा दादा,
सुक्या

*

रानशेत
२९ जानेवारी २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज संध्याकाळी मिळालं. तू लिहिलंयस की उघड्या टाक्यांनी जाऊ नकोस. मी जाऊन आले.

काल संध्याकाळी तो पोटरीपर्यंत आला होता, आणखी वीतभर पाहिजे होता. मी म्हटलं झालं, नाही जात. रविवार म्हणून सोनलच्या मम्मी आल्या होत्या. त्यांनी जाड सुई घेतली, सगळ्या उघड्या टाक्यांतून एक मजबूत दोरा ओवला, टोकांना गाठी मारल्या आणि म्हणाल्या की आता एक पण पळणार नाही, तू पण पळू नको. सकाळी कुर्ता घातला, आई माझ्याभोवती फिरून फिरून बघत होती. बाबा रस्त्यापर्यंत आले. त्यांना रस्त्यावर काही काम नव्हतं.

इकोत दाराजवळ जागा मिळाली. शेजारी वाणगावची एक बाई टोपली घेऊन बसली, आणि गाडी वळली की ती टोपली माझ्या पोटावर. मी श्वास धरून बसले. पहिल्या वळणाला काही झालं नाही. दुसऱ्या वळणाला मी तिची टोपली धरली, पडत होती म्हणून.

वर्गात एकीनं विचारलं स्कर्ट कुठून घेतला. मी म्हटलं आमचा दादा विणतो. तिला वाटलं मी थट्टा करतेय. सुधा मॅडमनी उत्तरपत्रिका देताना खाली लोंबणारी गाठ बघितली आणि हळूच विचारलं की हे काय. मी सांगितलं अजून व्हायचाय. त्यांनी वाकून ती गाठ आत खोचली आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.

मराठीचा पेपर बरा गेला. निबंध जरा लांबला.

घरी पाऊल टाकलं तसं आईनं विचारलं दुखलं का. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आठवत उभी राहिले. टोपलीपर्यंतचं आठवलं. त्याच्या पुढचं, पेपर लिहितानाचं, येतानाचं, काही आठवेना. दादा, मी दिवसभरात पोटाकडे बघितलंच नव्हतं. आईला तसं सांगितलं तर ती चुलीकडे वळली आणि बराच वेळ लाकडं नीट करत राहिली.

खालचे टाके कसे बंद करायचे ते तू सगळं लिहिलंयस. ते आत्ता वाचत नाही. उत्तराची घाई करू नकोस, लोभ तुझ्याकडेच ठेव, परीक्षा झाली की मागून घेईन. उद्या इंग्रजी आहे.

तुझी
रविना